घरगुती साबण : वितळवून ओतण्याची सोपी रीत आणि तिचा खरा हिशेब

शेतकऱ्याच्या घरात रोकड देऊन विकत आणाव्या लागणाऱ्या ज्या थोड्या वस्तू आहेत, त्यांत मीठ, काडेपेटी यांच्या बरोबरीने साबणाचा क्रमांक लागतो. तांदूळ घरचा असू शकतो, कुळीथ घरचे असू शकतात, नारळ व कोकम परसात होऊ शकतात. साबण मात्र दुकानातून आणल्यावाचून गत्यंतर नाही, असा सर्वसाधारण समज आहे. चिखलात भाताची लावणी करणाऱ्या, शेण काढणाऱ्या आणि गोठा धुणाऱ्या माणसांना साबण चैनीसाठी नव्हे, तर आरोग्यासाठी लागतो. म्हणून तो घरच्या घरी, स्वस्तात व निर्धोकपणे करता आला तर प्रत्येक कुटुंबास हवाच आहे.

गेल्या काही वर्षांत तयार साबणाची लादी वितळवून साच्यात ओतण्याची एक सोपी रीत सर्वत्र पसरली आहे. तिला बोलीत ‘मेल्ट अँड पोर’ म्हणतात. ही रीत हाताळण्यास सुलभ आहे, तीत कॉस्टिक सोड्याला हात लावावा लागत नाही आणि अर्ध्या दिवसात वड्या तयार होतात. परंतु घरी केलेली वस्तू स्वस्तच असते, असे गृहीत धरून चालत नाही. बचत गटाचे भांडवल रंगांत, सुगंधांत आणि नक्षीदार साच्यांत अडकून पडले आणि पावसाळ्यात वड्या ओलावून विक्रीस निरुपयोगी ठरल्या, तर उद्योगाविषयीचा उत्साहच मावळतो. कणकवली तालुका व आसपासच्या कोकणपट्टीतील हवा, तेथील पिके आणि घरगुती साधने ध्यानात घेऊन या रीतीची कृती, तिच्या मर्यादा आणि तिचा खरा हिशेब यांचा विचार येथे केला आहे.

साबण म्हणजे काय?

तेल किंवा चरबी आणि तीव्र अल्क यांचा संयोग झाला म्हणजे साबण व ग्लिसरीन असे दोन पदार्थ तयार होतात. वडी घट्ट हवी असल्यास अल्क म्हणून कॉस्टिक सोडा वापरतात. तेल कोणते आहे यावर साबणाचा स्वभाव ठरतो. खोबरेलाच्या साबणाला फेस भरपूर येतो व तो खाऱ्या पाण्यातही येतो. मालवण किनाऱ्यावर ज्या विहिरींचे पाणी मचूळ आहे, तेथे हा गुण फार उपयोगी पडतो. कोकमाच्या बियांचे तेल साध्या तपमानात घट्ट असते; त्याचा साबण कठीण, टिकाऊ, पण कमी फेसाचा होतो. उंडीच्या तेलाला रंग व वास उग्र असल्याने ते धुण्याच्या साबणापुरते ठेवणे बरे.

वनस्पतिज तेलांपासून साबण करण्याचा उद्योग आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीबरोबर वाढला. आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत चरबीविरहित साबण बाजारात आणला. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला. अखाद्य तेले आणि साबण हा आयोगाने हाती घेतलेल्या ग्रामोद्योगांपैकी एक होय. खाण्याचे तेल माणसासाठी राखावे आणि रानात वाया जाणाऱ्या बियांच्या तेलाचा साबण करावा, हे त्यामागील सूत्र होते. कणकवलीस हा विचार परका नाही. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली येथे गोपुरी आश्रम स्थापिला. मैला, शेण आणि मृत जनावरांचे कातडे यांसारख्या टाकाऊ मानलेल्या वस्तूंचा उपयोग करून स्वच्छता व उत्पन्न ही दोन्ही साधता येतात, हे त्यांनी प्रत्यक्ष कामाने दाखविले. साबणाचा हिशेबही याच दृष्टीने मांडावयास हवा.

वितळवून ओतण्यासाठी लागणारे सामान

बाजारात ‘सोप बेस’ या नावाने मिळणारी लादी म्हणजे तेल व अल्क यांची क्रिया आधीच पूर्ण झालेला, ग्लिसरीन आणि इतर द्रावक घालून वितळण्याजोगा केलेला साबण होय. ती पारदर्शक किंवा दुधी रंगाची असते. काही लाद्यांत कृत्रिम फेसक घातलेले असतात. म्हणून घेताना वेष्टनावरील घटक वाचून पाहावेत. दुकानातील नेहमीची वडी अशी पातळ वितळत नाही, हा दोहोंमधील फरक आरंभीच समजून घेतला पाहिजे.

बेसखेरीज लागणारे सामान बहुतेक घरात असतेच : एक रुंद पातेले, त्यात बसेल असे स्टीलचे लहान भांडे, सुरी, चमचा, तराजू आणि जमल्यास उष्णतामापक. साच्यासाठी प्रारंभी पैसे खर्च करू नयेत. दह्याचे जाड प्लास्टिकचे डबे, सरबताची रिकामी व धुतलेली कागदी खोकी किंवा नळकामातून उरलेला पीव्हीसी नळीचा तुकडा यांत वडी उत्तम होते. डबा वापरण्यापूर्वी त्यात कढत पाणी ओतून पाहावे. तो मऊ पडला किंवा वाकला तर साच्यास अयोग्य समजावा. नळीचा साचा करावयाचा झाल्यास तिला आतून तेलाचा हात लावावा व खालचे तोंड प्लास्टिकने घट्ट बांधावे. साबण घट्ट झाल्यावर तो ढकलून बाहेर काढून चकत्या कापाव्यात. नारळाची करवंटी दिसावयास सुंदर असली, तरी तिच्या खरखरीत आतील बाजूस साबण धरून बसतो व वडी मोडते.

कृती

१. एक किलो बेसचे सुपारीएवढे तुकडे करावेत. तुकडे सारखे असले म्हणजे ते एकाच वेळी वितळतात.

२. रुंद पातेल्यात पाणी तापवून त्यात तुकड्यांचे भांडे ठेवावे. भांडे थेट विस्तवावर ठेवू नये. साबण तळाशी करपला की त्याचा वास व रंग दोन्ही बिघडतात. ज्यांच्याकडे गोबर गॅस आहे त्यांनी त्याची मंद आच वापरावी.

३. मिश्रण सावकाश ढवळावे, घुसळू नये. घुसळल्याने हवा मिसळून बुडबुडे राहतात. साधारणतः ६० अंश सेल्सिअसच्या आसपास बेस वितळतो. ७० अंशांपलीकडे तो जाऊ देऊ नये आणि उकळी तर मुळीच येऊ देऊ नये. उकळल्यास त्यातील पाणी उडून जाते व वडी चिवट होते.

४. भांडे खाली उतरून मगच सुगंध किंवा पूड मिसळावी. पूड घातल्यास मिश्रण ५० अंशांपर्यंत निवू द्यावे व ते किंचित दाट झाल्यावर ओतावे. अति उष्ण मिश्रणात पूड तळाशी बसते.

५. साचे सपाट जागी ठेवून ओतावे. वर बुडबुडे आल्यास विस्तव पूर्ण विझवून, विस्तवापासून दूर, स्पिरिटचा बारीक फवारा मारावा. स्पिरिट पेट घेणारे असल्यामुळे चुलीजवळ ते काढूच नये. स्पिरिट नसेल तर चमच्याने बुडबुडे बाजूस सारले तरी भागते.

६. साचे चार ते सहा तास हलवू नयेत. त्यांना लवकर घट्ट करण्यासाठी शीतपेटीतील बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. बाहेर काढताच वडीवर पाणी जमते.

७. वड्या काढताच त्याच दिवशी वेष्टनात बांधाव्यात. याचे कारण पुढे दिले आहे.

या रीतीत कॉस्टिक सोडा नसला तरी वितळलेला साबण अंगास चिकटून भाजतो. ओतण्याच्या वेळी लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. साबण अंगावर सांडल्यास भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली धरावा.

काय घालावे आणि काय टाळावे

साबणात घातलेली प्रत्येक वस्तू त्याचे मोल वाढवितेच, गुण वाढवितेच असे नाही. मळ काढण्याचे काम साबण स्वतः करतो. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणांत ट्रायक्लोसानसारखी द्रव्ये घालीत असत. ती साध्या साबण-पाण्यापेक्षा अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली अंग व हात धुण्याच्या घरगुती साबणांतून त्यांना वगळले. शौचानंतर, गोठ्यातील कामानंतर आणि जेवणापूर्वी साध्या साबणाने निदान वीस सेकंद हात चोळून धुणे, हाच खरा जंतुनाशक उपाय होय. म्हणून घरी केलेल्या साबणाने त्वचारोग बरा होतो असा दावा कोणीही करू नये. इसब, खरूज यांसाठी वैद्यकीय सल्लाच घ्यावा.

ओल्या वस्तू टाळाव्यात. ताजे दूध, कोरफडीचा गर, कडुनिंबाचा वाटलेला पाला किंवा खोबऱ्याचा रस घातल्यास काही दिवसांत वडीला वास येतो व बुरशी धरते. लिंबाचा रस आणि कोकमाचे आगळ ही तर मुळीच घालू नयेत. आंबटपणाने साबणाचे विघटन होऊन वडी तेलकट व मऊ होते. शिवाय आगळाचा सुरेख लाल रंग अल्कात टिकत नाही. तो मळकट होतो. हळदीचेही तसेच आहे. हळदीच्या डागावर साबण लावताच तो लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. तोच प्रकार वडीत होतो. त्यामुळे हळद घालावयाची झाल्यास एक किलोस पाव चमचा पुरे. पिवळ्याऐवजी तांबूस रंग येणार, हे धरून चालावे.

कोरड्या वस्तू चालतात. सावलीत वाळवून वस्त्रगाळ केलेली कडुनिंबाच्या पाल्याची किंवा वाळ्याची पूड एका किलोस एक ते दोन चमचे घालावी. मातीकाम करणाऱ्यांच्या हातांसाठी भाजलेल्या तांदळाचे बारीक पीठ दोन चमचे घातल्यास मळ लवकर निघतो. कोकमाचे घट्ट तेल, ज्याला मालवणी मुलखात भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात, ते एका किलोस दहा ग्रॅमपर्यंत वितळवून मिसळावे. त्याहून अधिक तेल घातल्यास फेस मरतो व वडी नीट धरत नाही. सुगंधी तेल एका किलोस दहा मिलिलिटरपेक्षा अधिक नसावे आणि लहान मुलांच्या साबणात ते नसलेलेच बरे. रांगोळीचे किंवा होळीचे रंग कोणत्याही परिस्थितीत घालू नयेत.

कोकणची हवा आणि साबणाचा घाम

वितळवून केलेल्या साबणाचा मोठा दोष पुस्तकी कृतींतून फारसा सांगितला जात नाही, पण कोकणात तोच सर्वांत आधी अनुभवास येतो. बेसमधील ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मृग ते हस्त या काळात हवा सतत दमट असते. अशा हवेत उघडी ठेवलेली वडी वर दवबिंदू पडल्यासारखी दिसू लागते, चिकट होते आणि कागदी वेष्टन तिला धरून फाटते. साबण बिघडलेला नसतो, पण गिऱ्हाईक तो घेत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, दीर्घकाळ साठवावयाच्या वड्या दिवाळीनंतर ते वैशाखापर्यंतच्या कोरड्या दिवसांत कराव्यात. दुसरा, वडी साच्यातून निघताच प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात हवा न राहील अशी घट्ट गुंडाळावी आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. तिसरा, पावसाळ्यात आठवड्याला लागेल तेवढाच साबण करावा व बेसची लादी मात्र मूळ वेष्टनात बंद ठेवावी. वापरातील वडी पाण्यात बसू न देता भोके असलेल्या तबकात ठेवल्यास ती पुष्कळ दिवस पुरते. साबण काटकसरीने वापरण्याची ही सर्वांत स्वस्त युक्ती होय.

खरा हिशेब

पुढील हिशेबात भाव केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील चालू भाव घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

समजा, एक किलो बेसला २०० रुपये पडले आणि जळणास ५ रुपये लागले. १०० ग्रॅमच्या दहा वड्या झाल्या, तर एक वडी साडेवीस रुपयांस पडली. आता त्याच वड्यांत ४० रुपयांचा सुगंध व १० रुपयांचा रंग घातला आणि प्रत्येकी ३ रुपयांचे खोके वापरले, तर एकूण खर्च २८५ रुपये होऊन वडी साडेअठ्ठावीस रुपयांस पडते. म्हणजे मळ काढण्याचा गुण तिळभरही न वाढता वडीमागे ८ रुपये वाढले. घरी वापरावयाच्या साबणास ह्या ८ रुपयांचे कारण नाही.

खरेदीची रीतही महत्त्वाची आहे. तोच बेस पाव किलोच्या पुड्यांतून घेतला आणि पुडीस ८० रुपये पडले, तर किलोस ३२० रुपये होतात व वडी साडेबत्तीस रुपयांवर जाते. टपालाने किंवा मालगाडीने मागविल्यास मोठ्या मागणीत किलोमागे पडणारा वाहतूक खर्च सहसा कमी होतो. तेव्हा पाच-दहा कुटुंबांनी एकत्र मागणी करणे हिताचे. साच्याचेही तसेच. ३०० रुपयांचा साचा घेऊन वीस वड्या केल्या, तर वडीमागे १५ रुपये साच्याचेच पडतात. तीनशे वड्या केल्या तर एक रुपया पडतो. म्हणून साचा वाडीत सामाईक असावा.

हे सर्व करूनही दुकानातील साधी वडी स्वस्त पडते का, हे ताडून पाहावे. त्यासाठी वडीची किंमत न पाहता तिच्या वेष्टनावरील वजन पाहून १०० ग्रॅमला काय पडते, ते काढावे. स्नानाच्या साबणाच्या वेष्टनावर टी.एफ.एम. ही अक्षरे असतात. ती एकूण मेदद्रव्याचे प्रमाण सांगतात. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या साबणात ते निदान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० टक्के आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असते. दुकानातील वडी प्रतीने चांगली व भावाने कमी असेल, तर घरच्या वापरासाठी तीच घेणे शहाणपणाचे ठरेल. घरी साबण करणे हे स्वतः एक ध्येय नव्हे. घरखर्च वाचविण्याचे ते साधन आहे.

उरलेल्या तुकड्यांचा साबण

सर्वांत स्वस्त साबण आपल्या न्हाणीघरातच पडलेला असतो. झिजलेल्या वड्यांचे तुकडे टाकून न देता डब्यात साठवावेत. अंगाच्या साबणाचे आणि धुण्याच्या साबणाचे तुकडे वेगळे ठेवणे अवश्य आहे. ५०० ग्रॅम तुकडे जमले म्हणजे ते किसावेत, त्यांवर साधारण १०० ते १२५ मिलिलिटर कढत पाणी घालून रात्रभर झाकून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून अधूनमधून ढवळीत शिजवावेत. हे मिश्रण बेसप्रमाणे पातळ होत नाही. मऊ शिजलेल्या भातासारखा त्याचा गोळा होतो. तो साच्यात दाबून भरावा, हवा राहू नये म्हणून साचा जमिनीवर आपटावा आणि वडी निघाल्यावर ती दोन ते तीन आठवडे वाऱ्यावर वाळवावी. दिसावयास ही वडी ओबडधोबड असते, परंतु गोठ्यापाशी व शौचालयाबाहेर हात धुण्यासाठी ती उत्तम होय. शाळेत हात धुण्याच्या जागी ठेवावयासही हा साबण योग्य आहे. तुकडे मात्र आपल्याच घरचे व स्वच्छ असावेत.

कोकमाच्या बिया : खरी बचत कोठे आहे?

बेस विकत आणावाच लागतो, तेव्हा त्या रीतीने होणारी बचत मर्यादितच राहणार. घरच्या तेलापासून साबण केला तर? समजा, ३५० ग्रॅम खोबरेल किलोस ३०० रुपयांप्रमाणे १०५ रुपयांचे, १५० ग्रॅम भिरंडेल किलोस ४०० रुपयांप्रमाणे ६० रुपयांचे आणि ७८ ग्रॅम कॉस्टिक सोडा ८ रुपयांचा पडला. एकूण १७३ रुपयांत वाळल्यानंतर सुमारे ६५० ग्रॅम साबण मिळतो. म्हणजे १०० ग्रॅमला साडेसव्वीस रुपयांच्या वर. दोन्ही तेले विकत घेतल्यास हा साबण बेसच्या साबणाहून महागच पडला.

घरचा नारळ फुकट असतो, हा समजही खरा नाही. जो नारळ विकून पैसे आले असते, त्याची किंमत हिशेबात धरलीच पाहिजे. कोकमाच्या बियांची गोष्ट निराळी आहे. चैत्र-वैशाखात आमसुले करताना साल ठेवून बिया बाजूस काढतात व त्या पुष्कळदा उकिरड्यावर जातात. या बिया धुऊन, कडक वाळवून, फोडून आतील मगज काढावा. तो कुटून पाण्यात उकळला असता तेल वर येते. ते निवल्यावर घट्ट होते व मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी हे तेल कोकणात पूर्वापार वापरले जाते. ते घरी निघाले तर वरील हिशेबातील ६० रुपये वाचतात आणि १०० ग्रॅम साबण सुमारे साडेसतरा रुपयांस पडतो. खरी बचत ही येथे, टाकून दिलेल्या बियांत आहे. ज्यांना कॉस्टिक सोडा हाताळावयाचा नाही, त्यांनीही बिया वाया न घालविता तेल काढावे. ते बेसमध्ये थोडे घालता येईल आणि उरलेले विकता येईल.

तेलापासून साबण करताना घ्यावयाची खबरदारी

कॉस्टिक सोडा अत्यंत दाहक आहे. तो डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते व पोटात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून वरील प्रमाणाने साबण करणाऱ्याने पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत.

हे काम मुले घरात नसताना, मोकळ्या हवेत, जाड रबरी हातमोजे व डोळ्यांवर बंद चष्मा घालून करावे. वजन ग्रॅमपर्यंत दाखविणाऱ्या काट्यावर करावे. वाटीच्या किंवा मुठीच्या अंदाजाने कधीही करू नये. भांडी स्टीलची असावीत. ॲल्युमिनियमचे भांडे कॉस्टिकने खाल्ले जाते व त्यातून ज्वलनशील वायू निघतो. १८० मिलिलिटर थंड पाण्यात ७८ ग्रॅम कॉस्टिक थोडा थोडा टाकावा. कॉस्टिकवर पाणी ओतू नये, कारण ते उसळून अंगावर येते. द्रावण आपोआप तापते व वाफा निघतात, त्या हुंगू नयेत. द्रावण व वितळविलेली तेले ही दोन्ही ४५ अंशांच्या आसपास आल्यावर द्रावण तेलात बारीक धारेने ओतून, पिठल्यासारखे दाट होईपर्यंत ढवळीत राहावे व मग साच्यात ओतावे. दुसऱ्या दिवशी मोजे घालून वड्या कापाव्यात. त्यानंतर चार ते सहा आठवडे त्या सावलीत वाळू द्याव्यात. हा साबण फाल्गुनाअखेर केला तर पावसाळ्यापूर्वी वापरण्याजोगा होतो.

वरील प्रमाण त्या दोन तेलांच्या त्या वजनांसाठीच आहे. प्रत्येक तेलास लागणारा कॉस्टिक वेगळा असतो; खोबरेलास तो अधिक लागतो, कोकम, करंज व उंडी यांना कमी. तेल बदलून तेच प्रमाण ठेवल्यास साबणात कॉस्टिक शिल्लक राहून कातडी भाजते.

कॉस्टिक अंगावर किंवा डोळ्यात उडाल्यास निदान वीस मिनिटे भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये. पोटात गेल्यास उलटी काढविण्याचा यत्न न करता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. उरलेला कॉस्टिक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. नाव लिहिलेल्या मूळ डब्यात, कुलुपात ठेवावा. ज्या घरी हे नियम पाळणे शक्य नाही, त्या घराने वितळवून ओतण्याची रीतच पत्करावी. चार रुपये अधिक गेले तरी चालतील.

विक्रीचा विचार

घरी वापरण्यासाठी साबण करण्यास परवाना लागत नाही. विक्रीची गोष्ट वेगळी. स्नानाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि विक्रीसाठी त्याचे उत्पादन करण्यास प्रसाधने नियम, २०२० अन्वये परवाना घ्यावा लागतो. तयार बेस वितळवून ओतला तरी यातून सूट मिळते असे समजू नये. बचत गटाने यंत्रे, साचे व वेष्टने यांवर पैसे घालण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, घटक, वजन, तुकडी क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापावी लागते. हा खर्चही हिशेबात धरूनच भाव ठरवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक ठेवताना एक किलो बेस, घरातील भांडी व टाकाऊ डबे यांवरच ते करून दाखवावे. नक्षीदार साचे आणि सुगंधांच्या बाटल्या मांडल्यास स्त्रियांच्या मनात आरंभीच खर्चाची धास्ती बसते. प्रात्यक्षिकानंतर फळ्यावर त्या दिवसाच्या बाजारभावाने हिशेब मांडावा आणि तो उपस्थित भगिनींकडूनच करवून घ्यावा. कॉस्टिकचे प्रात्यक्षिक गर्दीत करू नये. ज्यांना ते शिकावयाचे आहे, त्यांना चार-पाचजणींच्या गटात, सर्व साधनांनिशी शिकवावे.

आमसुलांच्या हंगामापूर्वी वाडीतील कोकमाच्या झाडांची व त्यांपासून निघणाऱ्या बियांची नोंद करावी, बिया एकत्र वाळविण्यासाठी एक खळे नेमावे आणि कुटण्याचे काम वाटून घ्यावे. हंगाम संपण्याच्या आत किती बिया वाया जाण्यापासून वाचल्या व त्यांतून किती तेल निघाले, हे वहीत टिपून ठेवावे. पुढील वर्षी साबण करावा, तेल विकावे की दुकानातीलच वडी आणावी, याचा निर्णय प्रत्येक कुटुंबास या नोंदीवरून घेता येईल.